ध्रुवावरचे बर्फ आणि बाळाच्या रक्तातले शिसे

सारी पृथ्वी बदलून टाकण्याइतके सामर्थ्य माणसाच्या अंगी खरोखर आहे काय? पर्यावरणाची चर्चा निघाली की हा प्रश्न हमखास विचारला जातो. सुशिक्षित, विचारी माणसेही तो विचारतात. एवढे मोठे महासागर, एवढे अफाट आकाश. त्यांपुढे आपण आणि आपल्या गाड्या, चुली, कारखाने ते किती? जे काही बदलते आहे ते निसर्गाच्याच लहरीने बदलत नसेल कशावरून?

प्रश्न रास्त आहे आणि वैद्याच्या दृष्टीने तर तो अगदी ओळखीचा आहे. रोग्याचे निदान करताना आम्हीही हेच विचारतो. विकार नेमका कशामुळे झाला? ज्याला कारण म्हणतो त्याची खूण शरीरात सापडते काय? आणि ते कारण दूर केल्यावर विकार ओसरतो काय? या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळाले तर निदान पक्के झाले असे समजावे.

माणसाने पृथ्वीच्या पातळीवर जे बदल घडवून आणले त्यांपैकी एका बदलाबाबत ही तिन्ही उत्तरे आज आपल्या हाती आहेत. तो बदल म्हणजे हवा, पाणी, माती आणि आपले रक्त यांत मिसळलेले शिसे. त्याची कथा प्रत्येक आईवडिलांनी जाणून घ्यावी अशी आहे, कारण ती अजून पुरती संपलेली नाही.

एक उपयुक्त शोध

शिसे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. मऊ, वजनदार, सहज वितळणारा आणि सहसा न गंजणारा हा धातू. रोमन लोकांनी त्याच्या नळ्या केल्या, भांडी केली. शिसे विषारी आहे ही गोष्टही प्राचीन वैद्यांना माहीत होती. परंतु त्याचा उपद्रव तोवर बहुधा खाणीपुरता, भट्टीपुरता किंवा एखाद्या घरापुरता राहत असे.

हे चित्र १९२१ मध्ये पालटले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिडग्ली हे अभियंते मोटारीच्या इंजिनात होणाऱ्या खडखडाटावर उपाय शोधत होते. टेट्राइथाइल लेड नावाचे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले की खडखडाट थांबतो आणि इंजिनाची शक्ती वाढते, असे त्यांना आढळले. हे पेट्रोल ‘इथाइल’ या नावाने बाजारात आले. नावात शिशाचा उल्लेख मुद्दामच केलेला नव्हता.

धोक्याची सूचना लवकरच मिळाली होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि तीसहून अधिक जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्याच सुमारास मिडग्ली यांनी पत्रकारांसमोर तो द्रव स्वतःच्या हातांवर चोळून आणि हुंगून दाखवला. तो निर्धोक आहे असे त्यांना सिद्ध करायचे होते. विशेष म्हणजे शिशाच्या बाधेमुळे त्यापूर्वीच त्यांना स्वतःला काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली होती. अॅलिस हॅमिल्टन या औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रातील अग्रणी डॉक्टर बाईंनी स्पष्ट विरोध केला. त्यावर उद्योगाची बाजू अशी होती की, रस्त्यावरच्या सामान्य माणसाला अपाय होतो याचा पुरावा आधी द्या. पुरावा मागणारे आणि संशोधनाला पैसा पुरवणारे बव्हंशी एकच होते. पुढची चार-पाच दशके जगभरातील मोटारी धुरासोबत शिशाचे सूक्ष्म कण बाहेर टाकत राहिल्या.

याच मिडग्ली यांच्या हातून दुसराही एक शोध लागला. शीतकपाटांत वापरला जाणारा क्लोरोफ्लुरोकार्बन वायू तो हाच. त्याने पुढे आकाशातील ओझोनच्या थराला क्षती पोहोचवली. दोन्ही शोधांमागचा हेतू लोकांच्या सोयीचा होता. पृथ्वीच्या पातळीवरचे बदल बहुधा असेच घडतात. त्यांना खलनायक लागत नाही. लक्षावधी घरांत रोज वापरली जाणारी एखादी उपयुक्त वस्तू पुरेशी होते.

बर्फाने दिलेली साक्ष

हा उपद्रव किती दूरवर पोहोचला आहे हे ज्यांनी दाखवून दिले ते क्लेअर पॅटरसन वैद्य नव्हते. ते भूरसायनशास्त्रज्ञ होते. उल्कापाषाणातील शिशाच्या मोजमापावरून त्यांनी पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे असल्याचे १९५० च्या दशकात निश्चित केले. हे काम करताना त्यांना एका अडचणीने हैराण केले होते. प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसे होते. हवेत, धुळीत, काचेच्या भांड्यांत, कपड्यांवर, माणसांच्या केसांत. ते आले तरी कोठून?

त्यांनी महासागराचे पाणी तपासले. खोल पाण्यापेक्षा पृष्ठभागाजवळच्या पाण्यात शिसे पुष्कळ जास्त निघाले. म्हणजे ते वरून आणि अलीकडेच पडलेले होते. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडचे बर्फ खणले. तेथे दरवर्षीचे हिम आदल्या वर्षीच्या हिमावर साचत जाते. त्यामुळे खोल जावे तसे आपण गतकाळात उतरतो. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष थक्क करणारे होते. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० वर्षे पडलेल्या बर्फाच्या तुलनेत १९६५ च्या बर्फात शिसे जवळजवळ दोनशेपट होते आणि सर्वांत मोठी वाढ १९४० नंतरची होती. पुढे इतर संशोधकांना त्याच बर्फात रोमन काळातील खाणकामाच्या शिशाचाही अंश सापडला.

ज्या बर्फावर मोटार कधी धावली नाही तेथे मोटारीचे शिसे होते. शिवाय प्रत्येक खाणीतील शिशाची अणुभारांची ठेवण थोडी वेगळी असते. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसे त्या ठेवणीवरून शिसे कोठले हे ओळखता येते. आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे अशी मिळाली.

बालकाच्या शरीरात काय होते

आता बर्फाकडून बालकाकडे वळू. शिशाचे शरीरात कोणतेही काम नाही. लोह, जस्त, तांबे यांची आपल्याला अल्प प्रमाणात गरज असते. शिशाची मुळीच नसते. परंतु शरीर फसते, कारण रासायनिक वर्तनात शिसे कॅल्शियमची नक्कल करते. आतड्यांतून ते कॅल्शियम व लोहाच्याच वाटेने रक्तात शिरते आणि हाडांत जाऊन बसते. तेथे ते दशकानुदशके राहू शकते. स्त्री गरोदर राहिली, तिच्या हाडांतील कॅल्शियम गर्भासाठी खर्च होऊ लागले की त्यासोबत जुने शिसेही सुटते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. म्हणजे आईच्या बालपणातील हवा तिच्या बाळाच्या वाट्याला येऊ शकते.

मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल पोटात गेलेल्या शिशाचा चार ते पाचपट अंश शोषून घेते. रांगते मूल जमिनीच्या जवळ असते, हात तोंडात घालते आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. मज्जापेशींचे परस्परांशी सांधे जुळण्याच्या कामात कॅल्शियमची भूमिका मोठी असते. तेथेच हा तोतया जाऊन बसतो.

मात्रा फार मोठी असेल तर पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, झटके अशी लक्षणे दिसतात. परंतु खरा घात लक्षणांवाचून होतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ही मुले वरकरणी निरोगी होती. तरी ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते त्यांची बुद्धिमापन चाचणीतील कामगिरी कमी भरली आणि त्यांचे लक्ष टिकत नाही अशी शिक्षकांची तक्रार होती. पुढील अभ्यासांतून असेही दिसले की अगदी कमी मात्रेतही हानी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की, शिशाची सुरक्षित मात्रा अशी कोणतीही ज्ञात नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. फार वाढलेले शिसे औषधांनी रक्तातून काही अंशी काढता येते व गंभीर बाधेत ते करावेच लागते. पण मध्यम बाधा झालेल्या मुलांवर असे उपचार केले असता रक्तातील शिसे उतरले, गमावलेली बौद्धिक क्षमता मात्र परत आली नाही. येथे प्रतिबंध हाच उपचार आहे.

कारण दूर केले तेव्हा

अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधील शिसे कमी करण्यास प्रारंभ झाला. त्यामागे आरोग्याची काळजी होती, तशीच एक तांत्रिक निकडही होती. धूर शुद्ध करणारे नवे उपकरण, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, शिशामुळे निकामी होत असे. १९७६ ते १९८० या अवघ्या चार वर्षांत तेथील लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी सुमारे ३७ टक्क्यांनी उतरली आणि ती उतरण पेट्रोलमधील शिशाच्या उतरणीशी जवळजवळ समांतर होती. ग्रीनलंडच्या नव्या बर्फातही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वीस वर्षांत शिसे साडेसात पटींनी घटल्याचे १९९१ मध्ये नोंदवले गेले. तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. कारण दूर केले आणि विकार ओसरू लागला.

भारतात शिसेमुक्त पेट्रोल १९९५ मध्ये प्रथम मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या महानगरांत आले आणि २००० मध्ये ते देशभर लागू झाले. मुंबईतील मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांत त्याचा परिणाम दिसला. त्यापूर्वी डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. काही वर्षांतच ते सुमारे एक तृतीयांशावर आले. अखेर २०२१ मध्ये अल्जीरियातील पंपांवरूनही शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले आणि मोटारींसाठीचा त्याचा शंभर वर्षांचा वापर जगभर थांबला.

मात्र उरलेली एक तृतीयांश मुले विसरून चालणार नाही. त्यांच्या रक्तातील शिसे पेट्रोलचे नव्हते, किंवा निदान केवळ पेट्रोलचे नव्हते. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातील आहेत.

आपल्या घरात कोठे पाहावे

*जुना रंग.* घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगात ते पुष्कळ अधिक असू शकते. दिवाळीआधी रंगकाम काढाल तेव्हा जुना रंग कोरडा खरवडू देऊ नका. ओला करून काढावयास सांगा. गर्भवती स्त्री व लहान मुले त्या दिवसांत दुसरीकडे राहिली तर उत्तम. नंतर केरसुणीने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

*भांडी.* पितळी भांड्यांची कल्हई शुद्ध कथिलाची हवी. स्वस्ताईसाठी कथिलात शिसे मिसळलेले असू शकते. अशा भांड्यात आमसुलाचे सार, चिंचेची आमटी किंवा ताकाची कढी केली की आंबटपणामुळे शिसे पदार्थात उतरते. कल्हईची खात्री नसेल तर आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यातच करावेत.

*हळद.* हळकुंडांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाची भेसळ केली जाते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील जवळजवळ निम्म्या नमुन्यांत ती सापडली. सरकारने तपासणी, दंड व लोकजागृती यांची जोड दिली आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. आपण अवाजवी पिवळीजर्द, चकाकणारी हळकुंडे टाळावीत आणि सुटी पूड घेण्याऐवजी परवाना क्रमांक असलेली बंद पाकिटातील हळद घ्यावी.

*शेंदूर, सुरमा आणि भस्मे.* पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड. देवाला तो वाहावा, पण मुलांच्या हाताला लागल्यास हात धुवावेत आणि त्यांच्या कपाळी तो लावू नये. काही सुरम्यांत शिशाचे संयुग असते. ते बाळाच्या डोळ्यांत घालू नये. नागभस्म हे शिशाचेच भस्म आहे. मुलांना व गर्भवतींना धातुयुक्त औषधे देऊ नयेत, असाच माझा सल्ला राहील.

*बॅटऱ्या.* जगात आज वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी बहुतांश शिसे बॅटऱ्यांत जाते. इन्व्हर्टरची वा गाडीची जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. नवी घेताना विक्रेत्याकडेच परत करा. अंगणात बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या कुटुंबातील मुले या साखळीतील सर्वांत असुरक्षित मुले आहेत.

सर्वच मुलांची रक्ततपासणी करण्याचे कारण नाही. मात्र घरात कोणी बॅटरी, भंगार, रंगकाम वा धातू वितळवण्याच्या व्यवसायात असेल, मूल माती किंवा रंगाचे पोपडे खात असेल किंवा लोह देऊनही रक्तक्षय हटत नसेल तर डॉक्टरांकडे शिशाच्या चाचणीचा विषय काढावा. अहवालात ५ किंवा त्याहून अधिक मायक्रोग्रॅम आले तर पहिले काम उगम शोधून तो दूर करणे हे होय. लोह व कॅल्शियम कमी पडले की शिसे अधिक शोषले जाते. म्हणून नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या, कडधान्ये आणि त्यांसोबत लिंबू वा आवळा मुलांच्या आहारात असावा. जेवणापूर्वी हात धुण्याची जुनी शिस्त येथेही उपकारक ठरते.

त्याच नळीतून निघणारा दुसरा वायू

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. शिसे गेले, तरी मोटारीच्या त्याच नळीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे सव्वादोन किलो वायू हवेत मिसळतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. हे ज्वालामुखींचे काम असेल काय? ज्वालामुखींतून वर्षाकाठी निघणारा हा वायू माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. शिवाय शिशाप्रमाणे कार्बनलाही ठसा असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात व तेलात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार उरलेला नसतो आणि हवेतील कार्बनची बदलती ठेवण नेमकी अशाच जुन्या कार्बनची भर पडत असल्याचे दाखवते.

दोन्हींची बरोबरी मात्र पूर्णपणे करता येत नाही. पेट्रोलमधील शिशाला पर्याय हाताशी होते; ते काढून टाकले तरी मोटार चालत राहिली. कार्बन हा खुद्द इंधनाचाच गाभा आहे. तो काढायचा तर वीज, वाहतूक, शेती, बांधकाम सारेच बदलावे लागते. शिवाय शिशाचे कण हवेतून काही दिवसांत खाली बसतात. या वायूचा मोठा अंश शतकानुशतके राहतो. म्हणून येथे विलंब अधिक महाग पडतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात शेतात राबणाऱ्यांना, वृद्धांना आणि तान्ह्या बाळांना वाढत्या उष्म्याचा त्रास आम्हा डॉक्टरांना दिसतो. त्याची चर्चा केवळ हवामानशास्त्राची राहिलेली नाही.

‘आधी अपाय सिद्ध करा, मग थांबू’ या युक्तिवादापायी शिशाच्या बाबतीत सुमारे पन्नास वर्षे गेली आणि त्याची किंमत मुलांच्या मेंदूंनी मोजली. जे बदलले ते एकेकट्या घरांच्या संयमाने बदलले नाही. मोजमाप, कायदा, पर्यायी तंत्र आणि जागरूक पालक या चारही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ते घडले. यांतील चौथी गोष्ट आपल्या हाती आहे. मुलांच्या शाळेच्या पालकसभेत, सोसायटीच्या बैठकीत, नगरसेवकाकडे वा ग्रामपंचायतीत आपण विचारू शकतो: शाळेच्या रंगात शिसे नाही याचे प्रमाणपत्र आहे काय? वस्तीलगतची बॅटऱ्या फोडणारी भट्टी कोणाच्या परवानगीने चालते? बस वाढवणार की वाहनतळ?

माणूस पृथ्वी बदलू शकतो हे आता वेगळे सिद्ध करायला नको. तो बदल माघारी फिरवता येतो, याचीही साक्ष ग्रीनलंडच्या बर्फाने आणि मुंबईच्या मुलांच्या रक्ताने दिली आहे. या रविवारी वेळ काढून घरातील जुन्या खिडक्यांचे पोपडे, कल्हईची भांडी आणि हळदीचा डबा एवढे तरी जरूर पाहा.